कोच व्हायचंय? आधी दोन वर्षांचा हिशोब मांडा

नोकरीत वीस-बावीस वर्षं झाली. हाताखाली माणसं तयार केली, एखादा विभाग नाहीतर अख्खा कारखाना सांभाळला. आता हा अनुभव इतरांच्या कामी यावा असं वाटतंय. उद्योजकांचा आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा बिझनेस कोच होण्याचा विचार बहुतेकांच्या मनात असाच येतो, आणि तो चांगला विचार आहे. भोसरी, सातपूर, वाळूज, कुपवाड, गोकुळ शिरगाव इथल्या छोट्या कारखानदाराला मराठीत बोलणारा, धंद्याची नस ओळखणारा आणि आधी शांतपणे ऐकून घेणारा माणूस हवाच आहे.

चौकशी सुरू केली की पहिल्यांदा समोर येतात ते कोर्सच्या फीचे आकडे. त्यामुळे कोर्सची फी भरली की झालं, असा समज होतो. प्रत्यक्षात एकूण खर्चात ही फी लहानच आहे. खरं भांडवल लागतं ते पुरेसे ग्राहक जमेपर्यंत घर चालवायला. म्हणून हा लेख सगळा खर्च एकत्र मांडतो. बाजारातले दर ढोबळ आहेत. कोर्सची फी आणि डॉलरचा भाव बदलत राहतो, तेव्हा पैसे भरण्याआधी ताजा आकडा बघून घ्या.

आधी कामाचं स्वरूप ओळखा

सल्लागार उत्तर देतो. मेंटॉर स्वतःच्या अनुभवातून वाट दाखवतो. कोच प्रश्न विचारून समोरच्याला त्याच्याच उत्तरापर्यंत नेतो आणि ठरलेलं काम होईपर्यंत पाठपुरावा करतो. अनुभवी व्यवस्थापकाला नेमकं हेच जड जातं, कारण आयुष्यभर त्याला उत्तरं देण्याचाच पगार मिळालेला असतो.

समजा, भोसरीतल्या एका प्रेस शॉपचा तरुण मालक म्हणतो, "सर, ऑपरेटर टिकत नाहीत. दिवाळीचा बोनस घेऊन गावाला जातात ते परत येतच नाहीत." सल्लागार लगेच हजेरी भत्त्याची योजना सांगेल. कोच विचारेल, "मागच्या दिवाळीनंतर कोण कोण परत आलं?"

"तिघं आले."

"तेच का आले असतील?"

मालक जरा थांबतो. "ती वडिलांच्या वेळची माणसं आहेत. वडील अजून रोज सकाळी शॉपवर त्यांच्याबरोबर चहा घेतात."

"आणि तुम्ही?"

"मी थेट केबिनमध्ये जातो."

"मग आपण पुढच्या वेळी भेटेपर्यंत काय करून बघाल?"

एवढ्या चार प्रश्नांसाठी मालक पैसे मोजतो. ते सुचायला सराव लागतो आणि तोंडावर आलेला सल्ला गिळायला त्याहून जास्त सराव लागतो. पुढचा सगळा खर्च याच सरावासाठी आहे, हे ध्यानात ठेवून आकडे वाचा.

एक मर्यादाही आधीच आखून घ्या. झोप उडालेली, जगण्यातला रस गेलेला माणूस समोर आला तर ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. हा क्रमांक प्रत्येक कोचच्या फोनमध्ये असलाच पाहिजे.

प्रशिक्षण: एक लाखापासून पुढे

भारतात कोच म्हणून काम करायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांचे एचआर विभाग बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र मागतात. त्यात सर्वात जास्त विचारलं जातं ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं. ही १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली खाजगी, ना-नफा संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत:

- एसीसी: किमान ६० तास प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग
- पीसीसी: किमान १२५ तास प्रशिक्षण आणि ५०० तास कोचिंग
- एमसीसी: किमान २०० तास प्रशिक्षण आणि २,५०० तास कोचिंग

एसीसीसाठी लागणारा आयसीएफमान्य लेव्हल १ कोर्स भारतात साधारण एक ते अडीच लाखांना पडतो. पीसीसीकडे नेणारा लेव्हल २ कोर्स दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातो. फीवर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. जाहिरातीत दीड लाख लिहिलेला कोर्स हातात येईपर्यंत १ लाख ७७ हजारांचा होतो.

आणखी एक अट आहे ती मेंटॉर कोचिंगची. अनुभवी कोच तुमचं कोचिंग ऐकतो आणि कुठे चुकलं ते सांगतो. असे किमान १० तास, किमान तीन महिन्यांत विभागून घ्यावे लागतात आणि त्यातले निदान ३ तास एकास-एक असावे लागतात. लेव्हल १ आणि लेव्हल २ च्या कोर्समध्ये हे तास धरलेले असतात. मान्यता नसलेला स्वस्त कोर्स घेतला तर ते वेगळे विकत घ्यावे लागतात. तासाला पाच हजार धरले तरी पन्नास हजार झाले. शिवाय त्या मार्गाने गेलं की प्रमाणपत्राच्या अर्जाचं शुल्कही जास्त पडतं. चाळीस हजारांचा कोर्स स्वस्त वाटतो तो हिशोब अर्धवट केल्यामुळे.

अर्ज आणि परीक्षेचं शुल्क डॉलरमध्ये भरावं लागतं. वर्गणीदार सदस्याला ते कमी पडतं, बाकीच्यांना जास्त. वर्षाची वर्गणी सुमारे २४५ डॉलर आहे, पण प्रमाणपत्रासाठी सदस्यत्व सक्तीचं नाही. वर्गणी किती आणि सवलत किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून ठरवा.

पुढचा खर्च फारसं कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. त्यासाठी ४० तासांचं पुढचं शिक्षण लागतं आणि एसीसीच्या पायरीवर थांबलेल्यांना पुन्हा १० तास मेंटॉर कोचिंग घ्यावं लागतं. दर तीन वर्षांनी येणारा हा खर्च आजच वहीत लिहून ठेवा.

१०० तास आणायचे कुठून?

एसीसीच्या १०० तासांत किमान ८ वेगवेगळे ग्राहक लागतात आणि ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. मोबदल्याला किमान मर्यादा नाही. तासाला शंभर रुपये घेतले किंवा सेवेच्या बदल्यात सेवा घेतली तरी तो तास मोजला जातो. मात्र कोचिंगचं प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचेच तास धरतात. वीस वर्षं हाताखालच्या लोकांशी बोललेले तास यात येत नाहीत.

आठवड्याला दोन तास जमवले तर १०० तासांना वर्ष लागतं. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवारी हे करता येतं, आणि माझ्या मते हाच सर्वात शहाणा मार्ग आहे. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई आहे का ते आधी पाहा आणि असेल तर लेखी परवानगी घ्या. कंपनीतल्याच दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यांना अंतर्गत कोच म्हणून वेळ दिला तर तेही तास मोजले जातात.

ग्राहकाची संमती घेऊन नाव, तारीख, तास यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षभराने आठवून नोंद करणं फार त्रासाचं होतं.

बस्तान बसवायचा खर्च

या धंद्याला गाळा लागत नाही, ऑफिसचं भाडं लागत नाही. चांगला लॅपटॉप, हेडसेट, चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा आणि दार बंद होणारी खोली एवढं पुरतं. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते. गूगल मीटवर दोघांची बैठक तासापेक्षा जास्त वेळ मोफत चालते. तेव्हा सुरुवातीला सॉफ्टवेअरवर खर्च करायची गरज नाही. पाच पानांची साधी वेबसाइट पंधरा ते तीस हजारांत होते. पहिल्या वर्षी ती नसली तरी काही अडत नाही.

खर्च होतो तो माणसांत मिसळण्यावर. पुण्यातली १९३४ पासूनची मराठा चेंबर, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब किंवा दर आठवड्याला भेटणारे बीएनआयसारखे गट यांची वर्गणी, बैठकांचे पैसे, पेट्रोल, चहा-नाश्ता मिळून महिन्याला पाच हजार सहज जातात. एकाच गटात वर्षभर नेमाने गेलात तर ओळखी पक्क्या होतात.

कागदपत्रं

- एकट्याने काम करताना प्रोप्रायटरशिप पुरते. पहिल्याच वर्षी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की ऑडिटचा आणि दरवर्षीच्या कागदपत्रांचा खर्च मागे लागतो.
- महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कर भरावा लागतो. तो वर्षाला २,५०० रुपये आहे.
- वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी उद्योजकाकडून आलेली फीदेखील या उलाढालीत मोजली जाते, हे विसरू नका. नोंदणी केली की फीवर १८ टक्के लावावे लागतात. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळते, नोंदणी नसलेल्या दुकानदाराला तो भुर्दंड पडतो.
- कंपन्या व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.
- उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. दोन-तीन हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नसतात.
- ब्रँडचं नाव राखायचं असेल तर एका व्यक्तीला ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. हे दुसऱ्या वर्षी केलं तरी चालतं.

सगळं एकत्र मांडलं तर

पुण्यातल्या चौघांच्या कुटुंबाचं उदाहरण घेऊ. गृहकर्जाचा हप्ता धरून महिन्याचा घरखर्च ७० हजार आहे. नोकरी सुरुवातीलाच सोडली असं धरलं तर दोन वर्षांचा हिशोब असा दिसतो:

- लेव्हल १ कोर्स, जीएसटीसह: १,७७,०००
- एक वर्षाची आयसीएफ वर्गणी: २२,०००
- प्रमाणपत्राचा अर्ज आणि परीक्षा: २५,०००
- लॅपटॉप आणि इतर साहित्य: ७५,०००
- वेबसाइट आणि छपाई: ३०,०००
- सीएची फी, दोन वर्षं: ४०,०००
- व्यवसाय कर, दोन वर्षं: ५,०००
- गटांची वर्गणी आणि प्रवास: १,२०,०००
- कुटुंबाचा आरोग्य विमा, दोन वर्षं: ७०,०००

व्यवसायाचा एकूण खर्च झाला ५ लाख ६४ हजार. घरखर्च १६ लाख ८० हजार. दोन्ही मिळून २२ लाख ४४ हजार.

आता जमेची बाजू. पहिल्या वर्षी १०० तास, सरासरी १,००० रुपयांनी, म्हणजे १ लाख. दुसऱ्या वर्षी ३०० तास, सरासरी २,५०० रुपयांनी, म्हणजे साडेसात लाख. दोन वर्षांत साडेआठ लाख आले. उरलेले सुमारे १४ लाख बचतीतून घालावे लागणार. जोडीदाराचा पगार असेल तर हा आकडा खाली येतो, मुलांचं उच्च शिक्षण तोंडावर असेल तर वर जातो. या यादीत कोर्सची फी आठ टक्क्यांच्या आसपास आहे. फी परवडते म्हणून राजीनामा दिला आणि आठव्या महिन्यात घरखर्चाची चणचण सुरू झाली, तर माणूस पडेल ते काम पडेल त्या दराने घेतो. त्यात त्याचं नुकसान होतंच, समोरच्या ग्राहकालाही धड सेवा मिळत नाही.

आरोग्य विम्याची नोंद मुद्दाम केली आहे. नोकरी सुटली की कंपनीचा विमा संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, याची चौकशी राजीनाम्याच्या आधीच करा.

दर किती लावायचा?

नवा कोच छोट्या उद्योजकाकडून तासाला एक ते तीन हजार घेतो. एसीसी झालेल्याला अधिकाऱ्यांच्या कोचिंगसाठी चार ते आठ हजार मिळू शकतात. कंपन्यांच्या यादीत नाव असलेल्या पीसीसी कोचला त्याहून पुष्कळ जास्त मिळतात. ऑनलाइन कोचिंग पुरवणाऱ्या कंपन्या ग्राहक आणून देतात, पण दर त्या ठरवतात.

तासाचा दर बघून हुरळून जाऊ नका. एका तासामागे तयारी, टिपणं, पाठपुरावा आणि बिल यांचा आणखी तास जातो. कोथरूडहून चाकणला जायचं असेल तर अर्धा दिवस गेला. म्हणून प्रत्यक्ष भेट आणि ऑनलाइन भेट यांचे दर वेगळे ठेवा आणि प्रवासखर्च आधीच सांगा.

छोट्या उद्योजकाला तासाच्या दरापेक्षा महिन्याची ठरलेली रक्कम सोयीची वाटते. महिन्यातून दोन भेटी, मधे एक फोन, सहा महिन्यांचा करार, दर महिन्याची फी आगाऊ. महिन्याला आठ-दहा हजार ही रक्कम कुपवाडच्या वर्कशॉपवाल्याला पेलते. मराठी कोचने हा ग्राहक सोडून फक्त हिंजवडीच्या कंपन्यांकडे बघू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्याच्याकडे एचआर विभाग नाही, ज्याला मनातलं बोलायला बरोबरीचं माणूस नाही, त्याला कोचची गरज सर्वात जास्त आहे.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. भेटी किती, फी कधी, भेट रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं आणि गुप्तता कशी पाळायची, एवढं त्यात असावं. फी कंपनी देत असेल तर अधिकाऱ्याने सांगितलेलं एचआरला किती कळणार, हे तिघांनी मिळून पहिल्याच बैठकीत ठरवा. हे संदिग्ध राहिलं तर अधिकारी मोकळेपणाने बोलणारच नाही.

मोठ्या कंपन्या बिल थकवतात, तिथे उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

कोर्सचे पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- कोर्स आयसीएफच्या वेबसाइटवरच्या यादीत नावानिशी आहे का? 'आयसीएफच्या निकषांवर आधारित' म्हणजे मान्यताप्राप्त नव्हे.
- फीत मेंटॉर कोचिंगचे १० तास धरले आहेत का?
- शिकवणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र कोणत्या पायरीचं आहे आणि सध्या चालू आहे का?
- एका तुकडीत किती जण असतात आणि माझं कोचिंग ऐकून किती वेळा अभिप्राय मिळेल?
- मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतील? हे लेखी द्याल का?
- मागच्या तुकडीतल्या तिघांशी मला बोलता येईल का?

'९० दिवसांत लाखाची कमाई', 'आज रात्री बारापर्यंतच सवलत', 'ग्राहक आम्ही आणून देऊ' अशी वाक्यं ऐकली की तिथून उठा. फ्रँचायझी घेऊन कोच होण्याचाही मार्ग आहे. त्यात सुरुवातीच्या रकमेशिवाय दर महिन्याची रॉयल्टी असते आणि ग्राहक मिळो न मिळो, ती द्यावी लागते. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. 'नो कॉस्ट ईएमआय' हे बहुधा एखाद्या वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी हप्ता थांबत नाही आणि थकला तर क्रेडिट स्कोअर खाली येतो. फसवणूक झाली असं वाटलं तर पावती आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

कोणत्या क्रमाने जावं?

नोकरीत असतानाच शनिवार-रविवारचा लेव्हल १ कोर्स करा. त्याच वर्षात १०० तास पूर्ण करा, त्यातले निदान निम्मे उद्योजकांबरोबर. घरखर्चाची दीड-दोन वर्षांची तरतूद मुदत ठेवीत वेगळी काढा. महिन्याची फी नियमित देणारे चार-पाच ग्राहक झाले आणि त्यातल्या एखाद्याने आपणहून दुसऱ्याला तुमच्याकडे पाठवलं, की राजीनाम्याचा विचार करा. लेव्हल २ चा खर्च त्यानंतर, शक्यतो कोचिंगच्या कमाईतून.

या क्रमाने वर्षभर जास्त लागेल. पण त्या वर्षात पगार चालू असतो आणि हे काम आपल्या स्वभावाला झेपतं का हेही कळतं. ते कळायला पहिल्या पायरीला पैसे लागत नाहीत. ओळखीतल्या दोन उद्योजकांना फोन करा, त्यांच्या कारखान्यात किंवा दुकानात जाऊन तासभर बसा आणि सल्ल्याचा एकही शब्द न देता फक्त विचारा आणि ऐका. तो तास तुम्हाला आवडला आणि त्यांनी पुन्हा बोलावलं, तरच कोर्सची चौकशी सुरू करा.